अडीच सेकंदांचा हिशेब



फुटबॉल म्हटलं की आपल्याला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवतं, तिथल्या पेठांची ईर्ष्या आठवते. आज मात्र मी अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलणार आहे. म्हणजे लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट आणि पायापेक्षा हाताचं काम जास्त. या खेळाच्या चाहत्याला हंगाम सुरू होण्याआधी दरवर्षी वाटतं, ‘यंदा आपला बचाव कुणाला ऐकणार नाही.’ हा विश्वास कधी खरा ठरतो आणि कधी फसतो, ते आज पाहू.

आधी खेळाची ओळख. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. त्यांचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू हातात घेतो आणि पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकतो. त्याच्या संरक्षणाला पाच धिप्पाड गडी उभे असतात, बहुतेक जण १३५ किलोंच्या पुढचे. त्यांना रेटून, चुकवून क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं, हा झाला पास रश. हे काम सहसा चौघे करतात. चेंडू हातातून सुटायच्या आत क्वार्टरबॅकला लोळवलं, की तो सॅक. मागे मोकळ्या मैदानात जे पास अडवतात ती सेकंडरी. तिच्यात कडेचे कॉर्नरबॅक, मधले सेफ्टी आणि हल्ली बहुतेक वेळा एक जादा कॉर्नरबॅकही असतो.

या सगळ्या झटापटीला वेळ किती? पास फेकायला क्वार्टरबॅकला साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. पुढचे चौघे पाच सेकंदांनी पोचले, तर जगातला कुठलाही कॉर्नरबॅक तेवढा वेळ धावणाऱ्याला चिकटून राहू शकत नाही. उलट मागचे ढिले असतील, तर चेंडू दीड सेकंदातच सुटतो आणि पुढच्यांनी कितीही जीव तोडला तरी हाती काही लागत नाही. क्रिकेटमध्ये एका टोकाने धावा आवळल्या की दुसऱ्या टोकाला विकेट पडते, तसंच हे. नाव एकाचं लागतं, कमाई दोघांची असते. चाहत्यांचा हिशेब चुकतो तो इथेच. ते पुढची नावं वेगळी मोजतात आणि मागची वेगळी.

याचं चांगलं उदाहरण फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचं. फिलाडेल्फियाचा चाहता मोठा हळवा आणि तितकाच तिखट. सकाळपासून स्पोर्ट्स रेडिओला फोन लावून संघाची उलटतपासणी करणारा. डेलावेअर नदीपलीकडच्या दक्षिण न्यू जर्सीतही ईगल्सचंच राज्य, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही हिरवी जर्सी घालूनच वाढतात.

साल २०११. मालक आणि खेळाडूंच्या वादात उन्हाळाभर टाळेबंदी होती. ती उठली आणि ईगल्सने खरेदीचा धडाका लावला. ओकलंडचा नामांकित कॉर्नरबॅक नामदी असोमुगा पाच वर्षांच्या, सहा कोटी डॉलरच्या करारावर आला. दुसरा कॉर्नरबॅक डॉमिनिक रॉजर्स-क्रोमार्टी आला. पुढच्या फळीसाठी जेसन बेबिन आणि कलन जेंकिन्स आले. नव्यानेच दाखल झालेला राखीव क्वार्टरबॅक व्हिन्स यंग याच्या तोंडून ‘ड्रीम टीम’ हे शब्द निघाले आणि शहराने ते उचलून धरले.

झालं काय? ऑक्टोबरच्या सुरुवातीला घरच्या मैदानावर सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध २३–३ अशी आघाडी होती, तो सामना २४–२३ ने गेला. हंगाम संपला तेव्हा आठ विजय, आठ पराभव आणि प्लेऑफचं दार बंद. गंमत म्हणजे त्या वर्षी ईगल्सचे सॅक ५०, लीगमध्ये संयुक्त पहिला क्रमांक. एकट्या बेबिनचे १८. म्हणजे पास रशबद्दलची आशा शंभर टक्के खरी ठरली, तरीही संघ बुडाला. बचावाची सूत्रं होती हुआन कास्टियोकडे, जे आदल्या वर्षापर्यंत आक्रमणातल्या रक्षकांना शिकवत होते. ओकलंडमध्ये एका कडेला उभं राहून समोरच्याला गिळून टाकणाऱ्या असोमुगाला इथे कधी आत, कधी मागे असं फिरवलं गेलं. टाळेबंदीमुळे सरावाचे महिने आधीच गेले होते. नावं जमली, घडी बसली नाही.

आता याच शहराचं २०२४ साल. आदल्या हंगामात ईगल्सने पहिल्या ११ पैकी १० सामने जिंकले आणि मग असे घसरले की प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत टँपा बेने ३२–९ असं घरी पाठवलं. त्यानंतर बचावाची जबाबदारी पेन्सिल्वेनियाच्याच व्हिक फँजियो यांच्याकडे आली, वय ६५ च्या पुढे. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या फेरीत क्विनयॉन मिचेल आणि दुसऱ्या फेरीत कूपर डिजीन असे दोन कॉर्नरबॅक घेतले. पुढच्या फळीत जेलन कार्टर, जॉर्डन डेव्हिस, नोलन स्मिथ ही ड्राफ्टमधूनच आलेली पोरं होतीच.

यामागे पैशाचंही गणित आहे. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. पुढची आणि मागची अशा दोन्ही फळ्या बाजारातून विकत घेणं कुणालाच परवडत नाही. नवख्यांचे करार मात्र चार वर्षांचे आणि तुलनेने स्वस्त. एक फळी तरी घरी घडवावीच लागते. ईगल्सने बऱ्याच अंशी दोन्ही घडवल्या.

सुरुवात यथातथाच होती, दोन विजय, दोन पराभव. विश्रांतीच्या आठवड्यानंतर डिजीनला आतल्या, म्हणजे त्या जादा कॉर्नरबॅकची जागा मिळाली आणि संघाने लागोपाठ दहा सामने जिंकले. हंगामअखेर पासवर सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव ईगल्सचा होता.

सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, झाला ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती. समोर कॅन्सस सिटीचा पॅट्रिक माहोम्स, या पिढीतला अव्वल क्वार्टरबॅक. दुसऱ्या सत्रातला एक क्षण सांगतो. ईगल्सच्या पुढच्या फळीने माहोम्सला लागोपाठ दोनदा लोळवलं. आता तिसरा प्रयत्न, जायचंय १६ यार्ड. माहोम्स उजवीकडे पळाला, पळतापळता चेंडू मधोमध फेकला आणि तो सापडला डिजीनला. तिथून ३८ यार्ड धावत थेट टचडाउन. त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. चेंडू पकडला मागच्याने, पण माहोम्सला घाईला आणलं होतं पुढच्यांनी.

त्या सामन्यात माहोम्सवर सहा सॅक झाले आणि फँजियोंनी एकदाही ब्लिट्झ केला नाही. म्हणजे क्वार्टरबॅकवर चाल करायला मागचा जादा माणूस पुढे धाडला नाही. चौघांनीच काम उरकलं, उरलेले सातजण पास अडवायला मोकळे राहिले. मध्यंतराला २४–०, शेवटी ४०–२२.

मग आशा बाळगताना चाहत्याने काय पाहावं? पहिलं म्हणजे, चौघेच पोचतात का? दुसरं, मागच्यांना ज्या पद्धतीने खेळायची सवय आहे तीच पद्धत प्रशिक्षक वापरतो का? तिसरं, गेल्या वर्षीच्या आकड्यांत नशिबाचा वाटा किती? २०१८ मध्ये याच फँजियोंच्या हाताखाली शिकागो बेअर्सने प्रतिस्पर्ध्यांकडून ३६ वेळा चेंडू हिसकावला आणि १२ सामने जिंकले. फँजियो डेन्व्हरला गेले. पुढच्या वर्षी शिकागोचा तो आकडा जवळपास निम्म्यावर आला आणि विजय उरले आठ. बचावातली माणसं बरीचशी तीच होती. हवेत उडालेला चेंडू दरवर्षी आपल्याच हातात पडत नाही. त्यामुळे हिसकावलेल्या चेंडूंवर बांधलेली आशा सर्वांत कच्ची.

विजयाची किंमतही मोजावी लागते. सुपर बोल गाजवणारे जॉश स्वेट आणि मिल्टन विल्यम्स महिनाभरातच मोठ्या करारांवर दुसऱ्या संघांत गेले आणि फिलाडेल्फियाचा चाहता पुन्हा नव्या पोरांची नावं पाठ करू लागला.

चाहत्याच्या आशेत भाबडेपणा असतो, पण तो सगळा भाबडेपणा नसतो. बचाव खरेदीच्या यादीवरून ओळखता येत नाही, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सामन्यांत दिसतो. तेव्हा, श्रोतेहो, हा खेळ पाहायची संधी मिळाली तर नजर चेंडूवर ठेवू नका. पहिले अडीच सेकंद पुढच्या चौघांकडे पाहा आणि रिप्लेमध्ये मागच्या पाचांकडे. दोन्हीकडचं काम एकाच वेळी जमत असेल, तर त्या संघाच्या चाहत्याला खुशाल आशा बाळगू द्या.