न दिसणाऱ्या गड्यांचा संघ



चार तरुण चार गांवीं आपापल्या खोलींत बसलेले असतात. एक आमच्या उमरग्यांत, दुसरा सोलापुरास, तिसरा सीमेपलीकडे कलबुर्गीस आणि चौथा नोकरीनिमित्त पुण्यास. महिनोन्‌महिने त्यांनीं एकमेकांचें तोंड पाहिलेलें नसतें. तरीहि रात्रीं ठरल्या वेळीं ते कानांस हेडफोन लावतात, हातांत मोबाइल घेतात आणि साठ प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध लढावयास निघतात. ह्या चौघांना संघ म्हणावें काय, आणि म्हणावयाचें तर तो घडतो कसा, एवढाच प्रश्न आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

ज्या घरांत हा खेळ अद्याप शिरलेला नाहीं, त्यांच्यासाठीं थोडी माहिती देतों. 'पब्‌जी' ह्या नांवानें तो आपल्याकडे घरोघर पसरला. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्यें 'बॅटलग्राउंड्‌स मोबाइल इंडिया' असें नांव घेऊन तो परत आला, तेव्हां अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाकाठीं तीन तासांची मर्यादा घालण्यांत आली. सर्व गडी विमानांतून एका ओसाड बेटावर उतरतात. तेथील घरांतून हत्यारें, दारूगोळा, औषधें गोळा करावयाचीं. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकसत जातें, त्यामुळें सगळ्यांना अखेर एकाच जागीं यावें लागतें. स्पर्धेंत चौघांचा एक असे सोळा चमू असतात. शेवटपर्यंत टिकण्याचे गुण निराळे, आणि टिपलेल्या प्रत्येक गड्याचे निराळे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ हा अगदीं वेगळा प्रकार आहे. ऑगस्ट २०२५ मधील कायद्यानें त्यांस बंदी केली आणि त्याच कायद्यानें ई-स्पोर्ट्‌सला मात्र मान्यता दिली. हा भेद पुष्कळ पालकांच्या ध्यानीं नसतो. बंदुकीचा खेळ म्हणून कोणी नाक मुरडलें तर मी त्यांस दोष देणार नाहीं. मलाहि तो देखावा रुचत नाहीं. पण त्यांतील सहकार्य मात्र अभ्यासण्यासारखें आहे.

नवशिके चौघे खेळत असतां ऐकावें. "अरे, तिकडे! तिकडे! मागें बघ! आला, आला!" असा एकच कल्लोळ. 'तिकडे' ह्या शब्दाला बोट लागतें, आणि बोट तर पुण्याच्या खोलींत! रेडिओवर बोलणारास ही अडचण चांगली ठाऊक असते. येथें हातवारे करून कांहीं साधत नाहीं. मुरलेला चमू निराळा बोलतो. पडद्याच्या माथ्यावर होकायंत्राचे अंश दिसत असतात. ते पाहून गडी म्हणतो, "दोनशें दहा, दोघे, झाडामागें, शंभर मीटर." दिशा, संख्या, आडोसा, अंतर, एवढें सांगून तो थांबतो, कारण तो बोलत असतो तोंवर दुसऱ्याचा निरोप अडलेला असतो. आमच्या सीमाभागांत आणखी एक गंमत आहे. कोणाच्या घरीं मराठी, कोणाच्या कन्नड, कोणाच्या दखनी. तेव्हां आंकडे कोणत्या भाषेंत सांगावयाचे हें आधींच ठरवावें लागतें. मराठींतले 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' धांदलींत सारखेच ऐकूं येतात, म्हणून मुलें अंक सुटे सुटे नि इंग्रजींत सांगतात. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसास ह्याचें थोडें वाईट वाटतें. पण त्यांचा व्यवहार बरोबर आहे.

घायाळ होऊन पडलेला गडी लगेच बाद होत नाहीं. सोबत्यानें कांहीं सेकंद जवळ बसून त्यास उठवितां येतें. संघाची खरी कसोटी ह्याच क्षणीं लागते. पडलेला बहुधा ओरडतो, "तूं कुठें होतास?" शिस्त लागलेला गडी मात्र आपणांस कोणी आणि कोठून टिपलें, व त्यास आपण किती जखमी केलें एवढेंच सांगतो आणि गप्प राहतो. उठवावयाचें कीं नाहीं, हें नायक ठरवील.

आमचा धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या महिला संघानें २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें; त्यांस २०२० सालचा अर्जुन पुरस्कार लाभला. पुढें जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेली पहिली जागतिक स्पर्धा भारताच्या महिलांनीं आणि पुरुषांनींहि जिंकली. त्या खेळांत आठ गडी एकाआड एक उलट दिशांस तोंडें करून बसतात आणि नववा धावतो. धावणारास मागें वळतां येत नाहीं, मधली रांग ओलांडतां येत नाहीं. म्हणून हातीं येऊं घातलेली शिकार दुसऱ्याच्या हवालीं करावयास त्यानें शिकावें लागतें. बसलेल्यास तर खो देणारा दिसतहि नाहीं. पाठीवर हात आणि कानीं शब्द, एवढ्या भरंवशावर त्यानें उठून धावावयाचें. शाळेच्या मैदानावर हा खेळ घेत असतां एक गोष्ट मला दरवर्षीं दिसे: सर्वांत चपळ मुलगा खो सर्वांत उशिरा देतो.

मोबाइलवर तोच मुलगा निराळ्या वेषानें भेटतो. उत्तम दुर्बीण सांपडली कीं ती स्वतःच्या बंदुकीस लावतो आणि बळी टिपावयास एकटाच दूर जातो. त्याचाहि सर्वस्वीं दोष नाहीं. टिपलेल्यांचा आंकडा नांवासमोर झळकतो. धूर सोडून सोबत्याची वाट झांकणाराचें, किंवा दहा मिनिटें टेकडीवर नुसता पहारा करणाराचें कौतुक कोण करतो? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या चमूनें ह्यावर शाळकरी तोडगा काढला. त्यांनीं एक वही घातली आहे. प्रत्येक सामन्यानंतर कोणी कितीदां सोबत्यास उठविलें, कोणी आपलीं औषधें दिलीं, कोणाचे निरोप खरे ठरले, ह्याच्या रेघा तींत ओढावयाच्या. टिपलेल्यांचा रकाना वहींत नाहींच. तो पडद्यावर असतो म्हणून. मला ती वही फार आवडली.

नायकाविषयीं थोडेंच सांगतों. सामना चालूं असेतोंवर त्याचा शब्द चौघांनीं पाळावयाचा, चुकीचा वाटला तरीहि. चौघांनीं चार उत्तम निर्णय घेतले तर चौघे चार ठिकाणीं पडतात; एक मध्यम निर्णय मिळून पाळला तर निदान दोघे वांचतात. वाद घालावयाचा तो दुसऱ्या दिवशीं, सामन्याचें चित्रण पुन्हां पाहतांना. त्या बैठकींत आपली चूक नायकानें प्रथम सांगावी. त्यानें मौन धरलें कीं बाकीचे तिघे वकील बनतात.

मोठमोठ्या चमूंतहि एक स्पर्धा हरली कीं गडी बदलण्याची घाई होते. लहान गांवीं ह्याचें कारण अधिक केविलवाणें असतें: ज्याचा मोबाइल चांगला त्यास जागा. त्या विद्यार्थ्याच्या चमूवर हाच प्रसंग आला. चौथ्याचा मोबाइल जुना. तापला कीं अडखळे. नव्या मोबाइलचा, हातानें अधिक जलद असा एक मुलगा यावयास तयार होता. तिघांनीं तीन दिवस विचार केला, वही चाळली. आठ महिन्यांत जुन्या गड्याचे निरोप बहुतेक सारे खरे ठरलेले. त्यांनीं त्यासच ठेविलें आणि वर्गणी काढून त्याच्या मोबाइलची बॅटरी बदलून घेतली. त्यापायीं एक स्पर्धा त्यांच्या हातची गेली असेल. तरी माझें मत त्यांच्याच बाजूला आहे.

राहतां राहिली वीज. ती गेली कीं घरचें इंटरनेट जातें आणि एखाद्याचा आवाज मध्येंच तुटतो. त्याची आकृति मैदानावर जागच्या जागीं निश्चल उभी राहते. म्हणून हे चौघे आठवड्यांतून एक सराव मुद्दाम तिघांनींच करतात. प्रत्येकानें आळीपाळीनें गैरहजर राहावयाचें. खऱ्या सामन्यांत तशी वेळ आली म्हणजे एक जण त्या निश्चल आकृतीशेजारीं आडोसा धरतो, दोघे दोन बाजू संभाळतात. मोबाइलच्या इंटरनेटवरून गडी परत जोडला गेला कीं कोणी त्यास "कुठें गेला होतास?" असें विचारीत नाहीं. त्याच्या कानीं पहिले शब्द पडतात ते दिशा, संख्या, आडोसा आणि अंतर.