चौसष्टांत कोण, आणि कशावरून?

आज भांडणाबद्दल बोलायचंय. नळावरचं नाही, बांधावरचंही नाही. अमेरिकेत दरसाल नोव्हेंबर लागला की एक भांडण सुरू होतं आणि डिसेंबरात अंतिम सामना होईपर्यंत मिटत नाही. विषय काय, तर कॉलेजच्या मुलींचा फुटबॉल. कुठल्या संघाला मोठ्या स्पर्धेत जागा मिळायला हवी होती, कुणाला फुकटात मिळाली, कुणावर अन्याय झाला. भांडणारे खेळाडू नव्हेत बरं का, बघणारे. त्यात आजोबा असतात, आया असतात, नोकरीवरून दमून आलेली माणसं असतात. पोरींच्या खेळावरून ही सगळी मंडळी आकडे काढून एकमेकांशी वाद घालतात, हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा खरंच वाटेना.

मला हे माझ्या मावसबहिणीकडून कळलं. ती नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅरी नावाच्या गावात राहते. तिथं आपली भारतीय माणसं बरीच आहेत, बालाजीचं मोठं देऊळसुद्धा आहे. आणि फुटबॉलचं एक मैदान आहे, जिथं या स्पर्धेचे शेवटचे सामने कितीदा तरी झालेत. दाजी मूळचे कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. आता कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवायला लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की अख्ख्या पेठा कशा उठतात, हे आपल्यातल्या पुष्कळजणींनी ऐकलंय, काहींनी सोसलंय. दाजी म्हणतात, तिकडं गेल्यावर पेठा बदलल्या, भांडण तेच.

तिथल्या पेठा म्हणजे विद्यापीठं. चॅपल हिल गावात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, ते सरकारी. डरहॅम गावात ड्यूक विद्यापीठ, ते खाजगी. मधलं अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. दोघांचा रंग निळाच, पण एकाचा आकाशी आणि एकाचा गडद, आणि हा फरक तिथं कुणी थट्टेवारी नेत नाही. दाजी डरहॅमला नोकरीला, म्हणून गडद निळे. लेक चॅपल हिलला शिकली, म्हणून आकाशी. २०२४ च्या उपांत्य सामन्यात आकाशीनं गडदला ३-० नं हरवलं. त्या दिवशी बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर फक्त ताटांचा आवाज होता म्हणे.

एक सांगायचं राहिलं. अमेरिकेत फुटबॉल म्हटलं की लंबगोल चेंडूचा, डोक्यावर शिरस्त्राण घालून खेळायचा वेगळाच खेळ. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. तो लंबगोल चेंडूचा खेळ पुरुषांचा, आणि कॉलेजांचा पुष्कळ पैसा आणि शिष्यवृत्त्या त्यात जातात. त्यातूनच एक गंमत झालीय, ती कळायला जरा मागं जावं लागेल.

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला, त्याला टायटल नाइन म्हणतात. सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेनं स्त्री म्हणून कुणाला वगळायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. कायद्याच्या त्या मूळ वाक्यात खेळाचा शब्दही नाही. पण खेळ हाही शिक्षणाचाच भाग, म्हणून तो खेळालाही लागू झाला. हा कायदा पुढं रेटणाऱ्यांत हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक होत्या. त्या वारल्यावर २००२ साली कायद्याला त्यांचंच नाव दिलं. कायदा झाला त्या वर्षी तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली सगळ्या देशात मिळून तीन लाखसुद्धा नव्हत्या, आणि मुलं होती ३५ लाखांच्या वर. २०१८-१९ पर्यंत मुली ३४ लाखांच्या घरात गेल्या. कॉलेजांना मुलामुलींचा हिशोब जुळवायचा होता. लंबगोल चेंडूच्या खेळात मुलांच्याच जागा भरमसाट, मग मुलींसाठी काय काढायचं? सॉकर काढला. म्हणून आज पहिल्या दर्जाच्या कॉलेजांत मुलींचे सॉकर संघ तीनशेहून जास्त आहेत आणि मुलांचे दोनशेच्या आसपास. हीच ती गंमत.

मुलींची ही स्पर्धा पहिल्यांदा १९८२ साली झाली. संघ होते १२. जिंकलं नॉर्थ कॅरोलिना, म्हणजे आपले आकाशी. पुढं २०२४ पर्यंत त्यांनी ती २२ वेळा जिंकली. त्यात १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ वर्षं. मिया हॅम ही जगभर गाजलेली खेळाडू याच संघातली. आता स्पर्धेत ६४ संघ असतात. हरला की घरी. सहा सामने ओळीनं जिंकणारा एकच, बाकी ६३ कुठं ना कुठं बाहेर पडतात.

पण भांडणाचं मूळ स्पर्धेच्या आधी आहे. तीनशेहून जास्त संघांतून ६४ निवडायचे कसे?

निम्म्याच्या जरा आत जागा सरळ ठरतात. संघांचे विभागवार गट आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि प्रत्येक गटाच्या विजेत्याला थेट जागा. उरलेल्या जागा एक समिती भरते. त्यात विद्यापीठांचीच माणसं असतात. एखाद्या सदस्याच्या स्वतःच्या विद्यापीठाचा विषय निघाला की त्यानं त्या चर्चेतून बाजूला व्हायचं, असा नियम आहे. हा नियम मला फार आवडला. आपल्याकडच्या किती बैठका त्यानं निम्म्या रिकाम्या होतील ते तुम्हीच मोजा.

समितीपुढं एक आकडा असतो, आरपीआय नावाचा. वर्षानुवर्षं सगळा वाद या आकड्याभोवती फिरत आलाय. शंभर गुण धरा. त्यातले २५ तुम्ही किती सामने जिंकलात त्याचे. ५० गुण तुम्ही ज्यांच्याशी खेळलात ते संघ इतरांशी किती जिंकले त्याचे. आणि उरलेले २५ ते संघ ज्यांच्याशी खेळले, त्यांच्या जिंकण्याचे. म्हणजे पाऊण गुण दुसऱ्यांच्या हातात!

ऐकायला अन्याय वाटतो. पण कुस्तीवरून बघा. एक पैलवान गावोगावच्या जत्रेत नारळावरच्या वीस कुस्त्या मारतो. दुसरा मोठ्या मैदानात नामांकितांशी वीस लढतो, त्यातल्या आठ हरतो. थोर कोण? नुसते विजय मोजले तर नारळवाला. पण वस्ताद त्याला थोर म्हणणार नाही. कुणाशी लढलास हे विचारावंच लागतं, आणि तेवढ्यासाठीच तो आकडा काढलाय.

यातून एक मजेशीर गोष्ट होते. तुम्ही ज्या संघाला सप्टेंबरात हरवलं, तो पुढं जिंकत राहिला तर तुमचे गुण वाढतात. म्हणून ऑक्टोबर महिनाभर तिथले लोक आपण हरवलेल्या संघांसाठी देव पाण्यात घालून बसतात. दाजी तर म्हणतात, हरवल्यावर इतकं प्रेम मी कधी शत्रूवर केलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. समजा एखादं लहानसं कॉलेज आहे, आडगावातलं. पोरी तयारीच्या आहेत. पण मोठे संघ त्यांच्याकडं खेळायला येतच नाहीत. का यावं? जिंकले तर फारसं पदरात पडत नाही, हरले तर नाचक्की. मग या पोरी आजूबाजूच्या लहान संघांशीच खेळतात, पंधरा-सोळा सामने जिंकतात, आणि गटाच्या अंतिम सामन्यात एका गोलनं हरतात. थेट जागा गेली. समिती म्हणते, तुम्ही भारी संघांशी खेळला नाहीत. पोरी म्हणतात, आम्हाला कोण खेळू देतंय? या भांडणात मी पोरींच्या बाजूची आहे. दाजी नाहीत. त्यांचं म्हणणं, मोठ्या गटातला सहाव्या नंबरचा संघसुद्धा या लहानग्यांना सहज हरवेल, आणि स्पर्धा दया दाखवायला नसते. पुरावा म्हणून ते २०२४ दाखवतात. त्या साली शेवटचे चारही संघ एकाच गटातले निघाले. अटलांटिक किनाऱ्याचा गट म्हणतात त्याला. नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक आणि वेक फॉरेस्ट हे तिघं तर एकाच राज्यातले. चौथं स्टॅनफर्ड, ते कॅलिफोर्नियाचं, म्हणजे अटलांटिक सोडून पॅसिफिक किनाऱ्याकडचं! त्याच वर्षी ते या गटात आलं होतं. मी दाजींना म्हटलं, ज्यांना जागा दिली तेच शेवटी येणार. ज्यांना दिलीच नाही त्यांनी काय केलं असतं, हे तुम्हाला कसं कळणार? मुलांच्या स्पर्धेत त्याच साली व्हरमाँटचा संघ जिंकला. ते लोकसंख्येनं अगदी छोटं राज्य, दुभत्या जनावरांचं. समितीनं त्यांना मानांकनही दिलं नव्हतं, आणि त्यांनी अंतिम सामना अतिरिक्त वेळेत २-१ नं काढला. दाजी यावर म्हणाले, एक व्हरमाँट म्हणजे नियम नव्हे. आम्ही अजून तिथंच आहोत.

काठावरच्या संघांना तिकडं बुडबुड्यावरचे म्हणतात. शब्द चपखल आहे. यादी जाहीर होते त्या दिवशी काठावरच्या संघाच्या पोरी कॉलेजातल्या एका खोलीत टीव्हीपुढं बसतात. एकेक नाव येत जातं. शेवटचं नाव येतं, आणि आपलं आलेलं नसतं. कॉलेजचा खेळ चार वर्षांचा. चौथ्या वर्षाच्या मुलीला त्या खोलीत कळतं की आपला शेवटचा सामना होऊन गेलाय, आणि खेळताना तो शेवटचा आहे हे माहीत नव्हतं. यातल्या बहुतेकजणी पुढं व्यावसायिक खेळायला जात नाहीत. म्हणून मी त्या बघ्यांच्या भांडणाला रिकामटेकडं म्हणत नाही. बाहेर राहिलेल्या मुलींच्या वतीनं निदान कुणीतरी आकडे घेऊन उभं राहतं.

आणि आकडे सगळ्यांना बघायला मिळतात, हे महत्त्वाचं. कोण कुणाशी खेळलं, किती गोल झाले, आरपीआयचा क्रमांक काय, सगळं जाहीर. समिती कशाकशाचा विचार करते तेही लिहिलेलं. त्यामुळं एखादी आजी समितीशी असहमत झाली, तर ती ‘मला वाटतं’ म्हणत नाही. अमक्या संघानं तमक्याला हरवलंय, मग तमक्याचा नंबर वर का, असं विचारते.

आपल्याकडं गटाचं मूल्यांकन होतं तेव्हा पंचसूत्री बघतात. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोबाची वही. झोपेतून उठवलं तरी तुम्ही म्हणून दाखवाल. म्हणूनच कर्ज अडलं की आपण विचारू शकतो, पाचातलं कुठलं कमी पडलं? मी एका बैठकीत सहज म्हटलं, उद्या आपल्या गटाचे निम्मे गुण शेजारच्या गटांच्या परतफेडीवर ठरले तर? जो गलका झाला तो विचारू नका. एक मावशी म्हणाल्या, मग तर मी त्यांच्या दारात जाऊन हप्ता भरून घेईन. दुसऱ्या म्हणाल्या, मी गटच बदलीन. अमेरिकेतल्या आरपीआयची अख्खी चर्चा त्या दोन वाक्यांत आली.

पण सगळीकडं पंचसूत्री नसते. आपल्याच एका गटातल्या ताईंची मुलगी फुटबॉल खेळते. गोलरक्षक आहे, तयारीची आहे. पावसाळ्यात एका संघाची निवड झाली, त्यात तिचं नाव नव्हतं. नसेलही बसत ती, मी काही जाणकार नाही. ताईंनी निवडणाऱ्यांना विचारलं, कशावरून ठरवलं? उत्तर आलं, ठरलंय. पुन्हा विचारलं तर म्हणाले, तुम्हाला खेळातलं काय कळतं?

ताई घरी येऊन गप्प बसल्या नाहीत, गटाच्या बैठकीत बोलल्या. वहीत नोंद झाली. मग आम्ही चौघींनी बसून एक अर्ज लिहिला. मुलीला घ्या असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. तीनच गोष्टी मागितल्यात. निवड चाचणीत काय काय बघितलं, कशाला किती गुण होते, आणि निवडणाऱ्यांपैकी कुणाचं मूल त्या यादीत असेल तर ते त्या वेळी बाजूला झाले होते का. तिसरी मागणी कुठून आली ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. अर्ज देऊन सतरा दिवस झालेत. पोच घेतलीय, शिक्क्यासकट. मुलगी रोज संध्याकाळी शाळेच्या मागच्या माळावर भावाला चेंडू मारायला लावून सराव करतेय. उत्तर आलं की याच वेळेला, याच कार्यक्रमात वाचून दाखवीन. नमस्कार.