वाटेवरच्या खुणा

श्रोतेहो, शिकाऊ परवान्याची परीक्षा जवळ आली, की आपली पोरं रस्त्यावरच्या चिन्हांचा तक्ता पाढ्यासारखा घोकतात. शेकडा ६० उत्तरं बरोबर आली की पास! घाटातली उतरण मात्र असा हिशेब मानत नाही.

माझं ऐकाल तर चित्राआधी आकार पाहा. वर्तुळ म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधगिरी, आयत म्हणजे माहिती. मग रंग. भोंग्याचं चित्र लाल कडेच्या वर्तुळात, वर तिरपी रेघ, तर भोंगा वाजवायचा नाही. तोच भोंगा निळ्या वर्तुळात दिसला, तर वाजवलाच पाहिजे. पुष्कळजण फसतात ते लाल कडेच्या निळ्या पाटीवर. तिच्यावर एक तिरपी लाल रेघ असली, तर गाडी लावून ठेवू नका; फुली असली, तर क्षणभरही थांबवू नका.

दोन पाट्या साऱ्यांहून निराळ्या. ‘थांबा’ची अष्टकोनी, आणि ‘वाट द्या’ची उलट्या त्रिकोणाची. पाटी चिखलानं माखली, रंग उडाला, तरी नुसत्या कडेवरून ती ओळखू येते. ऊस भरलेली ट्रॉली आडवाटेनं हमरस्त्याला येते, तिथं असा उलटा त्रिकोण दिसला तर आधी हमरस्त्यावरची गाडी जाऊ द्यायची; मग ट्रॅक्टर चालवण्यात वीस वर्षं गेलेली असोत.

आणि शिक्षकबंधूंनो, भूमितीच्या तासाला फळ्यावर अष्टकोन काढाल, तेव्हा त्यात ‘थांबा’ एवढं लिहाच. परवान्याचं वय व्हायच्या आधीपासून मुलं सायकलवरून याच रस्त्यानं शाळेला येतात.