लोहमार्गाचा पैसा कोणाचा?
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप गोषवारा)



मराठीचा अध्यापक रेल्वेच्या अर्थकारणावर बोलणार म्हणताच आपल्यापैकी काहींच्या मुद्रेवर उमटलेले स्मित मी पाहिले. ते स्वाभाविकच आहे. परंतु हा विषय मराठी वाङ्मयाला परका नाही. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिले, तेव्हा आगगाडी हा त्यांच्या नगरीचा एक अपरिहार्य भाग होऊन बसला होता. पुढे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून गणेश व्यंकटेश जोशी यांनी सरकारच्या जमाखर्चाची जी चिकित्सा केली, तीत लोहमार्गांना मोठे स्थान होते. रेल्वे म्हणजे नुसते इंजिन आणि डबे नव्हेत, तो प्रजेच्या पैशाचा विनियोग आहे, ही जाण आपल्या पूर्वसूरींना होती. आज ती जाण जागी करावी, एवढाच माझा हेतू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिच्यामागचा करार मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने रेल्वे कंपन्यांशी जे करार केले, त्यांनुसार जमीन फुकट मिळाली आणि गुंतविलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. उत्पन्न कमी पडले, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. पाच टक्क्यांवर नफा झाला, तर त्यातला वाटा भागधारकाचा. नफा लंडनच्या भागधारकाचा आणि तोटा येथल्या रयतेचा, असा हा व्यवहार! त्याचे फळ काय निघाले? मैलामागे आठ हजार पौंड पुरतील असा प्रारंभीचा अंदाज होता, तो खर्च अठरा हजारांच्या घरात गेला. काटकसर केली काय किंवा न केली काय, व्याज ठरलेलेच, मग हात आखडण्याचे कारणच उरले नाही. ज्याच्या खिशाला झळ लागत नाही, त्याच्या हाती थैली दिली म्हणजे काय होते, याचा हा वस्तुपाठ आहे.

ही चूक राज्यकर्त्यांच्याही ध्यानात आली. १८६९च्या सुमारास लॉर्ड लॉरेन्सने असा पक्ष मांडला की, सरकारला स्वतः कमी व्याजाने कर्ज मिळत असताना कंपन्यांना पाच टक्के का मोजावेत? सरकारने स्वतःच मार्ग बांधावेत. नेमक्या याच वळणावर आपल्या इंदूरचे नाव रेल्वेच्या इतिहासात येते. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खांडव्याहून इंदूरला मार्ग यावा म्हणून एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. मुदत १०१ वर्षे आणि व्याज साडेचार टक्के. लंडनच्या भागधारकाला पाच टक्क्यांची हमी लागत होती, तेथे आपल्या संस्थानिकाने त्याहून कमी दराने पैसा दिला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनीही आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी ७५ लाख रुपये पुरविले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तर त्याआधीच, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अरुंद मापाची गाडी सुरू केली होती. आरंभी तिला बैल जोडीत, हे ऐकून आज हसू येते. पण स्वतःच्या प्रदेशाची वाहतूक स्वतःच्या पैशाने सुधारण्याची ती दृष्टी हसण्यासारखी खचितच नव्हती.

होळकर स्टेट रेल्वे विंध्याचा घाट चढून आली. मोरटक्क्याजवळ नर्मदेवरचा पूल १८७६ साली खुला झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस गाडी इंदूरला पोहोचली. माळव्याचा कापूस आणि अफू मुंबईकडे जाऊ लागली, व्यापार वाढला. परंतु या मार्गाच्या नियोजनात एक काटकसर झाली होती. लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, १८७० साली, सरकारी मार्गांसाठी मीटर गेज मान्य झाले. रूळ हलके, वळणे तीव्र, खर्च कमी. खांडव्याला मुंबईचा मार्ग रुंद मापाचा आणि आपला मार्ग मीटर मापाचा. परिणामी एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवायचा, आणि हा उद्योग शंभरांहून अधिक वर्षे चालला. हमालीचा, वेळेचा आणि नासाडीचा हिशेब त्या काटकसरीच्या वहीत कधीच लिहिला गेला नाही. १९९२ साली सर्व मार्ग एकाच मापाचे करण्याचे धोरण जाहीर झाले आणि पूर्वी वाचविलेला पैसा नव्याने, कितीतरी पटीने, खर्चावा लागला. पाताळपाणी ते कालाकुंड हा घाटातला तुकडा २०१८पासून पर्यटकांच्या गाडीसाठी वापरात आला. धबधबा पाहायला जाणाऱ्याने त्या रुळांची रुंदीही पाहावी. धोरणाची किंमत तेथे इंचांत मोजता येते.

श्रोतेहो, लोहमार्ग हवेत की नकोत, असा प्रश्न आपल्या विचारवंतांनी कधी केला नाही. त्यांचा प्रश्न अग्रक्रमाचा होता. १८८०च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळनिवारणासाठी मार्ग वाढवावेत असे सांगितले. पाच हजार मैल तर तातडीने. धान्य पोहोचविण्यास रेल्वे उपयोगी पडते, हे खरेच. पण धान्य पिकविण्यास पाणी लागते. नामदार गोखल्यांनी कायदेमंडळातील आपल्या अर्थसंकल्पीय भाषणांत शिल्लक रक्कम पुनःपुन्हा रेल्वेकडे वळविण्यास हरकत घेतली आणि शिक्षण, आरोग्य व पाटबंधारे यांचा पक्ष मांडला. ती रेल्वेद्वेष्ट्याची तक्रार नव्हती. घरात चार मुले असताना एकाच्याच ताटात तूप वाढणाऱ्याला विचारलेला तो जाब होता.

१९२१ साली अॅक्वर्थ समितीने रेल्वेचा जमाखर्च सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा करण्याची शिफारस केली आणि १९२४ साली ती अमलात आली. रेल्वेने आपले उत्पन्न आपल्या गरजांसाठी राखावे आणि सरकारच्या भांडवलाबद्दल ठरलेली रक्कम तिजोरीत भरावी, असा तो घाट होता. ही प्रथा नव्वदांहून अधिक वर्षे टिकली. शेवटचा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१६ साली सुरेश प्रभूंनी मांडला; २०१७पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला आणि लाभांश भरण्याचे बंधनही गेले.

दरम्यान पैसा उभारण्याच्या वाटा बदलल्या. १९८६ साली भारतीय रेल्वे वित्त महामंडळ स्थापन झाले. हे महामंडळ बाजारात रोखे विकून पैसा उभारते, त्यातून इंजिने व डबे घेते आणि ते रेल्वेला भाडेपट्ट्याने देते. १९९०चा कोकण रेल्वेचा प्रयोग तर याहून धाडसी. बॅ. नाथ पैंनी ज्याचा ध्यास घेतला, त्या मार्गाला त्या वर्षी एक दुर्मीळ योग लाभला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री आणि रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष! भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६, आणि उरलेला मोठा भाग कर्जरोख्यांतून. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्णपणे खुला झाला. शतकभर स्वप्नात असलेली गाडी आठ वर्षांत आली. पण कर्जाचे व्याज थांबत नाही. प्रत्यक्षापेक्षा वाढीव अंतर धरून भाडे आकारावे लागले, कर्जाची पुनर्रचना करावी लागली, आणि २०२५ साली महाराष्ट्रानेही हे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. म्हणून प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. रोख्यांवर पैसा उभारला नसता, तर मार्गच झाला नसता. मात्र डोंगर फोडून नेलेल्या, सर्वांच्या उपयोगाच्या मार्गाने व्यापारी व्याज फेडावे ही अपेक्षा किती रास्त, हा प्रश्न उरतोच.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. इंदूर-मनमाड मार्गाची मागणी या सभागृहातल्या ज्येष्ठांनी तारुण्यापासून ऐकली आहे. नवा मार्ग होण्यापूर्वी सर्वेक्षण होते, वाहतुकीचा अंदाज बांधला जातो, सविस्तर अहवाल तयार होतो आणि गुंतवणुकीवर किती परतावा मिळेल ते पाहिले जाते. पूर्वी हा परतावा १४ टक्के अपेक्षित असे. मागास मुलखाला ही अट जाचक ठरते. तेथे रेल्वे नाही म्हणून व्यापार नाही, आणि व्यापार नाही म्हणून रेल्वे नाही! सेंधव्याकडच्या शेतकऱ्याला हे कोडे कोणी सोडवून दाखविले नाही. त्यातूनही काम मंजूर झाले, तरी रेल्वेच्या गुलाबी पुस्तकात त्याच्यासमोर कधी फक्त एक हजार रुपयांची तरतूद दिसते. काम कागदावर जिवंत राहते, एवढाच तिचा अर्थ. पायाभरणीचा दगड आणि पहिली गाडी यांच्यामधले अंतर किती असू शकते, हे इंदूर-दाहोद मार्गाने दाखविले आहे. २००८ साली त्याची कोनशिला बसली आणि २०२५ अखेरही संपूर्ण मार्ग सुरू झाला नव्हता.

मनमाडच्या मार्गासाठी २०१८ साली जवाहरलाल नेहरू बंदर, रेल्वे आणि दोन्ही राज्ये यांनी मिळून खर्च उचलण्याचा करार झाला. ती रचना मागे पडली. अखेर २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गास मंजुरी दिली. अपेक्षित खर्च १८,०३६ कोटी, नवी स्थानके ३०, आणि पूर्ततेचे लक्ष्य २०२८-२९. आनंद झालाच पाहिजे. परंतु तो डोळे उघडे ठेवून व्हावा.

कारण आजचे चित्र असे आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी सुमारे २ लाख ६५ हजार कोटी ठरले, त्यांपैकी सुमारे २ लाख ५२ हजार कोटी थेट सरकारी तिजोरीतून. उलट २०२३-२४ साली रेल्वेने शंभर रुपये मिळविताना सुमारे अठ्ठ्याण्णव रुपये खर्च केले. म्हणजे नव्या मार्गांसाठी तिच्या गाठीला जवळजवळ काही उरत नाही. प्रवाशाला खर्चापेक्षा कमी भाड्यात न्यायचे आणि ती तूट कोळसा-सिमेंटच्या भाड्यातून भरायची, ही रीत जुनीच. तेव्हा आज रूळ पडतात ते करदात्याच्या पैशावर. यात गैर काही नाही. रस्ता, शाळा, ग्रंथालय ही नफ्यासाठी नसतात. मात्र पैसा सर्वांचा असेल, तर हिशेबही सर्वांना मागता आला पाहिजे. कोणता मार्ग आधी, कोणता नंतर, आणि का? जमिनी कोणाच्या गेल्या, मोबदला केव्हा मिळाला? दरसालची तरतूद कामाच्या वेगाला पुरेशी आहे काय? १८४९च्या करारात रयतेला हे विचारण्याचा अधिकार नव्हता. आपल्याला आहे, आणि तो न वापरणे ही आपली निवड आहे.

हे काम ग्रंथालयाचे आहे, असे मी आग्रहाने म्हणतो. कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी अर्थसंकल्पाची कागदपत्रे, रेल्वेचे गुलाबी पुस्तक आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल यांना एक फळी द्यावी. या मार्गाची दरवर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष झालेले काम यांची एक साधी नोंदवही वाचनकक्षात ठेवावी; ती लिहिण्यास माझे विद्यार्थी आनंदाने येतील. गणेश व्यंकटेश जोशी यांच्याजवळ याहून मोठी साधने नव्हती. छापील आकडे, चिकाटी आणि लोकांप्रति निष्ठा एवढ्यावरच त्यांनी साम्राज्याच्या हिशेबातली गफलत दाखविली.

महाराज तुकोजीरावांनी एक कोटी दिले, तेव्हा करारात मुदत, व्याज आणि मार्ग स्वच्छ लिहून घेतले. आपण तर मालक आहोत. आपण निदान वाचून तरी घ्यावे. शंभर वर्षे वाचकांना वाचते ठेवणाऱ्या या संस्थेकडून एवढी अपेक्षा ठेवतो.