ग्रामसभेतील मौन

परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावी मारुतीच्या पारावर अथवा पंचायतीच्या कचेरीत ग्रामसभा भरली, ग्रामसेवकांनी मागील सभेचे इतिवृत्त वाचले, सरपंचांनी विषय मांडला, दोघातिघा वजनदार गृहस्थांनी त्यावर भाषणे केली आणि ‘कोणाची काही हरकत?’ या प्रश्नाला उत्तर न आल्यामुळे ठराव सर्वानुमते मंजूर झाला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सारे यथासांग पार पडते. परंतु त्या निरुत्तर क्षणात संमती किती होती आणि संकोच किती होता, याची नोंद दफ्तरात कोठेही होत नाही. आज मला बोलावयाचे आहे ते या न नोंदलेल्या मौनाविषयी.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली चालणाऱ्या या सभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतील जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते; तेवढी माणसे न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट उरत नाही. म्हणजे हजेरीचा आग्रहसुद्धा एका पायरीनंतर सैल होतो; मग बोलण्याचा आग्रह कायदा कोठून धरणार?

तरीही याच कायद्यात मनुष्यस्वभावाची खोल जाण दाखवणारी एक तरतूद आहे, आणि ती म्हणजे नियमित ग्रामसभेपूर्वी घ्यावयाची महिलांची स्वतंत्र सभा. सासरे, दीर आणि गावातील वडीलधारी मंडळी समोर बसलेली असताना जी सून डोक्यावरचा पदर सावरीत मागे उभी राहते, तीच शेजारणींच्या बैठकीत हातपंप कधीपासून बंद आहे, रेशनच्या दुकानाची वेळ मजुरणीला का सोयीची नाही, मुलीला शाळेत पाठवताना कोणती धास्ती वाटते, हे एका दमात आणि तपशिलासह सांगते. तेथे चारजणींनी दुजोरा दिला, की ते गाऱ्हाणे तिचे एकटीचे राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी भरसभेत ते मांडताना तिच्या पाठीशी एक सभा उभी असते. ज्या गावी ही बैठक प्रत्यक्ष न घेता वही घरोघर फिरवून सह्या आणि अंगठे गोळा केले जातात, तेथे कागद पूर्ण होतो आणि त्या बायांची एकमेव संधी हिरावली जाते. माझ्या मते हा साधा हलगर्जीपणा नसून अन्याय आहे. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, हे फार मोठे पाऊल खरे. पण सरपंचबाईंना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांचे यजमान देऊ लागले, तर सभेने ते ऐकून घेऊ नये.

आपल्या भागाला या संकोचाचा इतिहासही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता, आणि सरकारदरबारी अर्ज करावा, हुकुमाची वाट पाहावी, हीच रयतेची सवय होती. बरोबरीने बसून मत देण्याचा परिपाठ त्यामानाने नवा आहे. आणि तरीही याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेली, संतमंडळींत आपले म्हणणे निर्भयपणे मांडू शकली, कारण त्या मंडळींनी तिला जागा दिली होती.

जागा देणे म्हणजे वेळ देणेही होय. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याचा प्रघात आहे. परंतु बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती जानेवारीत गावात नसतात, आणि ज्यांच्या वस्तीचा रस्ता किंवा घरकुलाची यादी ठरावयाची आहे तेच शेकडो कोसांवर कोयता चालवीत असतात. असे विषय त्यांच्या जाण्यापूर्वी अथवा परतल्यानंतरच्या सभेत घ्यावेत. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, सरपंचांच्या सद्भावनेची आहे.

बोलण्याचा क्रमही महत्त्वाचा. आपल्या सैन्यातील न्यायसभेत मत घेताना सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून आरंभ करतात, कारण वरिष्ठाचे मत एकदा कानी पडले की कनिष्ठाला आपले मत स्वतंत्र राखणे कठीण जाते. शिस्तीविषयी इतक्या दक्ष असलेल्या सैन्याला जे पटले, ते गावकीला पटण्यास हरकत नसावी.

तेव्हा ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी बसणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना विनंती अशी, की येत्या सभेत पाटलांना आणि गुरुजींना थोडे थांबावयास सांगून पहिला प्रश्न मागच्या रांगेतील मजुराला, नुकत्याच मतदार झालेल्या मुलीला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतील म्हाताऱ्याला विचारावा. उत्तर येण्यास वेळ लागला तर तेवढा वेळ थांबावे. आणि जे उत्तर येईल ते, मग ते ठरावाच्या विरुद्ध का असेना, बोलणाऱ्याच्या नावासह इतिवृत्तात लिहवून घ्यावे.