पान एक, रुंद्या अनेक: कोडने घेतलेले स्क्रीनशॉट



वेबसाइट बनवणाऱ्या कुठल्याही टीममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "माझ्याकडे तर नीट दिसतंय." बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या लॅपटॉपवर ते पान खरंच नीट दिसत असतं. पण ते पान जिच्यासाठी बनवलंय, तिच्या हातात लॅपटॉप नसतो.

समजा, शिष्यवृत्तीचा अर्ज आहे. तळाशी शेजारी शेजारी दोन बटणं आहेत. इंग्रजीत 'बॅक' आणि 'सबमिट', दोन्ही छोटी. मराठीत तीच होतात 'मागील पानावर जा' आणि 'अर्ज सादर करा'. मोठ्या स्क्रीनवर दोन्ही आरामात बसतात. अरुंद फोनवर दुसरं बटण उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर जातं. मुलीने सगळा अर्ज भरलाय, पण पाठवायचा कुठून हेच तिला दिसत नाही. मुदत काही तिच्यासाठी थांबत नाही. सर्व्हरवर एकही एरर नोंदलेली नाही, कारण प्रोग्रामच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. अशी चूक पाहावीच लागते.

पाहायचं म्हणजे किती? दहा पानं, पाच रुंद्या, तीन भाषा: दीडशे चित्रं. हाताने कोणी एकदा करेल, प्रत्येक बदलानंतर कोणीच करणार नाही. म्हणून हे काम कोडकडे द्यायचं.

आधी एक शब्द पक्का करू: व्ह्यूपोर्ट. ब्राउझरच्या खिडकीत पानासाठी जेवढी जागा मिळते, ती व्ह्यूपोर्ट. ती सीएसएस पिक्सेलमध्ये मोजतात. फोनच्या खोक्यावर रुंदी 1080 पिक्सेल लिहिलेली असते, पण त्याचं प्रमाण 3 असेल, तर पानाला मिळणारी रुंदी 360 असते. 1080 ची खिडकी उघडून "फोनवर तपासलं" म्हणाल, तर तुम्ही जवळजवळ लॅपटॉपच तपासलात.

आता साधनं. 2017 मध्ये क्रोम ब्राउझर हेडलेस पद्धतीने, म्हणजे खिडकी न दाखवता, चालवता येऊ लागला. त्याच वर्षी गूगलच्या क्रोम टीमचं पपेटिअर आलं. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट ही तिन्ही इंजिनं चालवतं, आणि जावास्क्रिप्टप्रमाणे पायथनमधूनही वापरता येतं. दोन्ही मोफत आहेत.

प्रोग्रामचा सांगाडा सोपा आहे. एक यादी पानांच्या पत्त्यांची, एक यादी रुंदी-उंचीच्या जोड्यांची. एका लूपच्या आत दुसरा लूप. प्रत्येक फेरीत ठरलेल्या व्ह्यूपोर्टचा नवा कॉन्टेक्स्ट उघडायचा, पान उघडायचं, ते तयार होईपर्यंत थांबायचं, स्क्रीनशॉट घ्यायचा आणि फाइलच्या नावात पान, भाषा आणि रुंदी लिहायची. 'फुल पेज' हा पर्याय चालू केला, की दिसणारा भागच नाही, तर तळापर्यंतचं सगळं पान एका चित्रात येतं.

व्ह्यूपोर्ट तुम्ही सांगितला नाही, तर साधन स्वतःचा धरतं. पपेटिअर 800 बाय 600, प्लेराइट 1280 बाय 720. म्हणून आकार नेहमी स्वतः लिहा.

कोणत्या रुंद्या घ्यायच्या? बाजारातल्या फोनांच्या नावांमागे धावू नका. पहिली रुंदी 320. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी 2.1 या 2018 च्या मानकात अपेक्षा आहे, की या रुंदीला साधा मजकूर आडवा सरकवावा न लागता वाचता यावा. 1280 रुंदीच्या स्क्रीनवर कोणी 400 टक्के झूम केलं, तरी 320 च उरतात. म्हणजे ही रुंदी छोट्या फोनइतकीच कमी दिसणाऱ्या आजोबांचीही आहे. दुसरी 360, तिसरी 1280. उरलेल्या तुमच्याच सीएसएसमधून घ्या. मांडणी जिथे बदलते, त्या आकड्याच्या दोन्ही बाजू तपासा. बूटस्ट्रॅपमध्ये असा एक आकडा 768 आहे, तर 767 आणि 768 दोन्ही घ्या. पानं बहुधा सांध्यावरच फाटतात.

आता खड्डे. पहिला: नुसती रुंदी 360 केली म्हणजे फोन झाला नाही. पानात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नसेल, तर फोनवरचे ब्राउझर साधारण 980 रुंदी धरून पान मांडतात आणि मग अख्खं पान आक्रसून दाखवतात. अक्षरं मुंगीएवढी होतात. डेस्कटॉप ब्राउझर हा टॅग बघतच नाही, त्यामुळे तुमच्या चित्रात सगळं छान दिसतं. क्रोमियममध्ये 'इज मोबाइल' हा पर्याय चालू केल्याशिवाय ही चूक पकडली जाणार नाही.

दुसरा: "पाच सेकंद थांब" असं लिहिणं. नेट संथ असेल तर पाच कमी पडतात, वेगवान असेल तर फुकट जातात. वेळेची नाही, घटनेची वाट पाहा: बटण दिसलं, यादी भरली, मग चित्र. आणि काही चित्रं आपण खाली सरकल्यावरच लोड होतात. आधी तळापर्यंत स्क्रोल करून या, नाहीतर लांब पानात पांढरे चौकोन मिळतील.

तिसरा खड्डा खास आपल्या लिपीचा. साध्या लिनक्स सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट असेलच असं नाही. तो नसला, की सगळं मराठी पान रिकाम्या चौकोनांनी भरतं. या चौकोनांना टोफू म्हणतात, आणि 'नो टोफू' वरूनच नोटो फॉन्टचं नाव पडलं. तर नोटो सान्स देवनागरी आधी बसवा. मग 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द मोठा करून बघा. ऱ्य नीट जुळतोय का? वरच्या मात्रा आणि खालचे उकार ओळीच्या उंचीत कापले जात नाहीत ना? इंग्रजी मजकूर घालून तपासलेल्या पानात हे कधीच कळत नाही. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठेही बसून तुम्ही मराठी पान बनवत असाल, तर तपासणीतला मजकूरही मराठीच हवा.

चित्रं जमली, पुढे काय? आज तपासून पसंत केलेला संच मूळ म्हणून ठेवा. पुढच्या बदलानंतर नवा संच घ्या आणि पिक्सेलला पिक्सेल ताडून पाहा. प्लेराइटच्या चाचणी साधनात ही सोय आहे. मात्र दोन्ही संच एकाच प्रकारच्या मशीनवर घ्या. विंडोज आणि लिनक्स अक्षरांच्या कडा वेगळ्या रंगवतात, आणि मग काहीही बदललेलं नसताना फरक दिसतो. तारीख, जाहिरात, फिरतं बॅनर झाकून ठेवा, ॲनिमेशन बंद करा. खोट्या इशाऱ्यांची सवय झाली, की माणूस खरा इशाराही न बघता पुढे जातो. आणि लॉगिनच्या आतली पानं टिपताना चाचणीचं खातं वापरा. कोणाचं खरं नाव, आधार क्रमांक किंवा मार्क्स चित्रांच्या फोल्डरमध्ये जाता कामा नयेत.

कोणी विचारेल, पानाची खरी रुंदी व्ह्यूपोर्टपेक्षा जास्त आहे का, हे कोडने मोजता येतं, मग चित्रं कशाला? मोजा, जरूर मोजा. पण सीएसएसमध्ये जास्तीचा भाग लपवायला सांगितलं असेल, तर आकडे जुळतात आणि बटण तरीही कापलेलंच राहतं. मोजणी म्हणते ठीक, चित्र म्हणतं नाही. म्हणून दोन्ही हवीत.

चित्राला सगळं कळत नाही. बटण दाबल्यावर चालतं का, स्क्रीन रीडर ते वाचतो का, उन्हात ते दिसतं का, हे चित्र सांगणार नाही. खऱ्या फोनवर बोट फिरवावंच लागेल. पण कुठे बोट ठेवायचं, हे चित्र सांगतं.

सुरुवात छोटी करा. लोकांचं ज्याच्यावाचून अडतं, असं एक पान निवडा: अर्ज, पैसे भरणं, निकाल. रुंद्या तीन: 320, 360, 1280. भाषा मराठी. तीन चित्रं शेजारी शेजारी ठेवा आणि शेवटचं बटण शोधा. पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "माझ्याकडे तर नीट दिसतंय", तर वाद घालू नका. 320 चं चित्र समोर ठेवा.