छापलेल्या धातूवर घाव

वसई रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरून गोखिवरे, वालीव, सातिवलीकडे निघालात, तर गाळ्यागाळ्यांतून लेथचा आवाज कानी येतो. तिथल्या एखाद्या जुन्या कारागिरापुढे ‘इन्कोनेल’ हे नाव काढून पाहा. त्याच्या कपाळाला आठ्या पडतील. हा धातू कापताना टूलचं टोक बघता बघता जळतं. का जळतं, तेवढं ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे. हा धातू उष्णता पुढे जाऊ देत नाही. तांब्याच्या मानाने त्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती पस्तिसाव्या हिश्शाइतकीच आहे.

इन्कोनेल ७१८ म्हणजे निम्म्याहून थोडं अधिक निकेल, पाचवा हिस्सा क्रोमियम, थोडं नायोबियम आणि मॉलिब्डेनम, बाकी बहुतेक लोखंड. सुमारे ६५० अंशांपर्यंत त्याची ताकद टिकते, म्हणून विमानाच्या इंजिनात त्याला मान.

आता हा धातू ‘छापू’ लागले आहेत. शाईच्या जागी धातूची बारीक पूड. केसाच्या निम्म्या जाडीचा थर पसरायचा, लेसरच्या किरणाने हवा तेवढा भाग वितळवायचा, त्यावर पुन्हा थर. असे हजारो. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून उडवलेल्या अग्निबाणाचं एकसंध इंजिन असंच इन्कोनेलचं छापलेलं होतं. त्याच महिन्यात, ९ तारखेला, इस्रोनेही आपलं छापलेलं पीएस-४ इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. पूर्वी १४ भाग जोडून होणारी वस्तू एका तुकड्यात आली. १९ जोड वाचले.

तुम्ही म्हणाल, मग अडचण कुठे? अडचण अशी, की इंजिनाला नुसती उष्णता सोसून भागत नाही, त्याला घावही सोसावा लागतो. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या विमानाच्या इंजिनातलं पंख्याचं एक पातं उड्डाणात तुटलं. इंजिनाच्या आवरणाचे तुकडे उडाले, खिडकी फुटली आणि एक प्रवासी बाई दगावली. तो धातू छापलेला नव्हता, हे खरं. पण उद्या कवचाचा किंवा पात्याचा भाग छापून बसवायचा, तर हाच प्रश्न त्याला विचारावा लागेल.

एरवी धातूची ताकद पाहतात ती नमुना सावकाश ओढून. त्याला मिनिटं लागतात. घाव मात्र सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात आटोपतो. पापणी लवेपर्यंत तसे हजार घाव बसतील. हे मोजायला दोन लांब दांड्यांमध्ये मिरीएवढा नमुना धरतात आणि वायूच्या दाबाने तिसरा दांडा येऊन पहिल्यावर आदळतो. दांड्यांतून धावणाऱ्या लहरी मोजल्या, की मधल्या नमुन्याने काय सोसलं ते कळतं. ही युक्ती हॉपकिन्सन यांच्या नावाची. दोन दांड्यांची आजची पद्धत कोल्स्की यांनी १९४९ मध्ये दाखवली.

आणि काय दिसतं? घाव घालून धातू दबला, की त्या कामाचा बहुतेक भाग, सुमारे नऊ दशांश, उष्णता होतो. सावकाश दाबलं तर ती निघून जाते. घावात तिला वेळच नसतो, आणि हा धातू तर मुळातच उष्णता न सोडणारा. मग एखादी अरुंद पट्टी तापून मऊ पडते, पुढचं सगळं सरकणं तिथेच होतं, ती आणखी तापते, आणि तिथेच चीर जाते.

छापून काढलेला तुकडा तसा मऊ असतो. भट्टीत ७२० आणि मग ६२० अंशांवर तासन् तास मुरवला, की त्याची ताकद खूप वाढते. पण असा मुरलेला तुकडाच घावाखाली पट्टी धरून फाटायला अधिक तयार असतो. आपल्या लोहाराला हे नवीन नाही. विळ्याला पाणी जास्त चढलं, तर धार टिकते, पण दगडावर आपटताच तुकडा उडतो.

छपाईची दिशाही विसरून चालत नाही. थरावर थर चढताना धातूचे कण उभे, लांबट वाढतात, लाकडाच्या रेषांसारखे. दोन थर नीट वितळले नाहीत, तर मधे चपटी फट राहते. दाबाखाली ती मिटते, ताणाखाली उघडते. आता गंमत पाहा: पुढून बसलेल्या घावाची लहर मागच्या मोकळ्या बाजूवर आपटून परतते ती ताण होऊन. म्हणजे घाव पुढे आणि तडा आत, पाठीजवळ! फटी त्या पाठीला समांतर असल्या, तर विचारायलाच नको. तापवून हजारएक वातावरणांच्या दाबाखाली ठेवलं, तर आतल्या फटी मिटतात; पृष्ठभागापर्यंत उघड्या असलेल्या नाही.

तेव्हा गाळेवाल्या मंडळींनो, उद्या कुणी असा छापलेला भाग घासून-भोकं पाडून द्यायला आणला आणि सोबत ताकदीचा दाखला दाखवला, तर तो सावकाश ओढण्याचा की घावाचा, हे विचारा. छपाई कोणत्या दिशेने झाली, भट्टी कोणती दिली, तेही. छापतानाच त्याच तबकावर तीन तुकडे जास्त काढता येतात, एक उभा, एक आडवा, एक तिरपा. तपासणीला ते लागतातच. त्यांची किंमत कोण देणार, ते आधी ठरवून घ्या.